रोहू-कटल्याचे बारीक काटे घरच्या घरी कसे काढावेत?

राजेंद्रनगरवासी

नमस्कार मंडळी. आमचे घराणे मूळचे मालवणकडचे. इंदूरला येऊन दोन पिढ्या झाल्या तरी जेवणात मासा हवाच, ही सवय सुटलेली नाही. समुद्राची मासळी इथे बर्फात येते आणि तिचा ताजेपणा दर खेपेला सारखा नसतो. गांधीसागरचा किंवा नर्मदेवरच्या धरणांचा रोहू आणि कटला मात्र हंगामात उत्तम मिळतो, म्हणून आम्ही हळूहळू त्याकडे वळलो.

अडचण काट्यांची आहे. सासऱ्यांना आता बारीक काटा दिसत नाही आणि मुलगा अजून लहान आहे. मासळीवाल्याला 'बोनलेस' करून मागितले की तो मधला कणा आणि पोटाचे मोठे काटे काढून देतो. परंतु पाठीकडच्या मांसात दोन टोके फुटलेले बारीक काटे तसेच राहतात. चिमट्याने उपटायला गेले की मांस फाटते आणि काटा अर्धा आत राहतो. हे काटे पूर्णपणे काढण्याची काही रीत आहे का, की या माशाकडून ती अपेक्षाच करू नये? ज्यांनी स्वतः करून पाहिले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

लोकमान्यनगरचा_शेजारी

ताई, सरळ बासा आणावा. एकही बारीक काटा नसतो आणि मुले आवडीने खातात.

तळेकाठ

चिमट्याने का जमत नाही, हे आधी समजून घेतले तर पुढची रीत निवडणे सोपे जाईल, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. माझे शिक्षण मत्स्यशास्त्राचे आहे.

माशाचे मांस सलग नसते. ते पदरापदरांचे असते आणि दोन पदरांच्या मध्ये पातळ पडदा असतो. शिजवल्यावर तुकडीच्या ज्या पाकळ्या सुटतात, ते हेच पदर. रोहू, कटला, मृगल, सायप्रिनस, गवत्या या सगळ्या कार्प कुळातल्या माशांत त्या पडद्यांमध्येच बारीक हाडे तयार होतात. ती कण्याला किंवा बरगड्यांना जोडलेली नसतात. स्नायूंना बांधून ठेवणाऱ्या तंतूंचेच पुढे हाड बनते. त्यामुळे कणा कितीही सफाईने काढला तरी त्याच्याबरोबर ती निघून येत नाहीत. मासळीवाल्याने काम अर्धवट केले असे म्हणता येणार नाही, कारण त्याच्या सुरीच्या वाटेत ती हाडे येतच नाहीत.

आता त्यांची जागा पाहू. डोक्यापासून शेपटीपर्यंत पाठीकडच्या मांसात त्यांची रांग असते. पोटाकडच्या भागात, म्हणजे बरगड्या असतात तिथे, ती नसतात. गुदद्वाराच्या मागे, शेपटीच्या भागात, मात्र मध्यरेषेच्या वर आणि खाली अशा दोन्ही बाजूंना असतात. डोक्याकडच्या काट्यांना जास्त फाटे असतात, मधल्या भागात ते इंग्रजी वाय अक्षरासारखे असतात आणि शेपटीकडे साधे, सरळ होत जातात. सायप्रिनसमध्ये अशा काट्यांची संख्या शंभराच्या आसपास असते. मासा मोठा झाला म्हणून ही संख्या वाढत नाही, काटे मात्र लांब आणि जाड होतात. त्यामुळे हे काम करायचे असेल तर तीन किलोच्या वरचा कटला घ्यावा. एक किलोच्या रोहूवर वेळ घालवू नये.

सामन मासा चिमट्याने साफ करतात ते आपण चित्रफितींत पाहतो. त्याचे काटे एकेरी असतात आणि कापलेल्या पृष्ठभागावर त्यांची टोके ओळीने हाताला लागतात. आपल्या कार्पचा काटा फाटे फुटून मांसात अडकलेला असतो, त्यामुळे ओढला की तो आजूबाजूचे मांस घेऊनच येतो.

राजेंद्रनगरवासी

धन्यवाद. पोटाकडच्या भागात हे काटे मुळीच नसतात, ही गोष्ट मला नव्याने कळली. म्हणजे निदान तेवढा भाग निर्धास्तपणे वाढता येईल, असे समजू का?

तळेकाठ

होय, बरगड्या नीट काढल्या असतील तर. फिलेच्या, म्हणजे कण्यापासून सोडवलेल्या माशाच्या एका बाजूच्या सलग मांसाच्या, आतल्या बाजूने सुरी आडवी धरावी आणि बरगड्यांच्या खालून, त्यांना जवळजवळ घासत न्यावी, म्हणजे पूर्ण पापुद्रा उचलला जातो. त्यानंतर मध्यरेषेवर हलके बोट फिरवून एखादे टोक राहिले आहे का ते पाहावे. एक मर्यादा सांगतो: हा भाग गुदद्वारापाशी संपतो. त्यामागचा तुकडा पोटाचा म्हणून वाढू नये.

गाद्याची_वाटणी

माझे माहेर बंगाली आणि सासर इथले मराठी. आमच्याकडे माशाचे तुकडे करतानाच 'पेटी' आणि 'गादा' अशी विभागणी करतात. पेटी पोटाची आणि गादा पाठीचा. पाहुण्यांना आणि वडीलधाऱ्यांना पेटी द्यायची, हा रिवाज तळेकाठ यांनी सांगितलेल्या रचनेतूनच आला असला पाहिजे. काटे काढायला बसण्याआधी मासा अशा प्रकारे वाटून घेतला की निम्मा प्रश्न सुटतो.

गाद्याचे मांस टाकाऊ मात्र नाही. चितळ नावाच्या माशाचा गादा काट्यांनी इतका भरलेला असतो की त्याची तुकडी खाता येत नाही. आमच्याकडे ते मांस चमच्याने खरवडून काढतात, मळतात आणि त्याच्या वड्या रश्श्यात सोडतात. या पदार्थाला मुइठ्या म्हणतात आणि तो सणावारी केला जातो. हीच रीत कटल्याच्या गाद्याला लागू पडते. कातडे खाली ठेवून फिले पाटावर पसरावी, शेपटीचे टोक डाव्या हाताने घट्ट धरावे आणि बोथट कडेच्या चमच्याने काट्यांच्या कलाने, म्हणजे शेपटीकडून डोक्याकडे खरवडावे. मांस चमच्यावर येते आणि बरेचसे काटे कातड्याशी राहतात. जोर लावला तर तेही उखडून येतात, म्हणून हात हलका हवा.

विळीवरची_मी

खरवडलेल्या मांसातही थोडे काटे येतातच, असा माझा अनुभव आहे. यावर गाद्याची_वाटणी ताई काय करतात?

गाद्याची_वाटणी

मांस थोडे थोडे घेऊन दोन्ही हातांच्या बोटांत चुरत तपासते. मीठ लावून मळल्यावर ते चिकट होते आणि चिकट झाल्यावर काटा शोधणे अवघड जाते. म्हणून तपासणी मिठाच्या आधी करायची, हा क्रम मोडू नये.

सराफ्यामागे

आमच्याकडे याच कामासाठी एक जुने पुरणयंत्र वेगळे ठेवले आहे. खरवडलेले कच्चे मांस त्यातून दोनदा काढतो. बारीक भोकांची चकती लावली की राहिलेले काटे वरच्या बाजूला जमतात. अर्थात पुरणाचे यंत्र स्वतंत्रच ठेवलेले आहे, त्याविषयी घरात तडजोड नाही.

तळेकाठ

सराफ्यामागे यांची कल्पना योग्य दिशेची आहे. मासळीचा कीस करणाऱ्या कारखान्यांतही हेच तत्त्व वापरतात. भोके असलेल्या फिरत्या नळकांड्यावर रबरी पट्टा मासा दाबत नेतो, मांस भोकांतून आत जाते आणि कातडे व हाडे बाहेर राहतात. घरच्या यंत्रात एक उणीव राहते: काटा उभा आला तर तोही भोकातून जाऊ शकतो. त्यामुळे यंत्रातून काढल्यानंतरही बोटांनी तपासणे सोडू नये.

जुनी_इंदूर_नवे_सूर

मला या सगळ्या खटाटोपाविषयी मूलभूत शंका आहे आणि ती आदरपूर्वक मांडतो. मासा काट्यांसहित शिजवला की रश्श्याला जो दाटपणा आणि गोडी येते, ती निवडलेल्या मांसाला येत नाही. आमच्या आईने आम्हाला लहानपणीच काटा ओळखायला शिकवले. जिभेने काटा वेगळा करणे हेही एक कौशल्य आहे आणि ते पुढच्या पिढीला देण्याऐवजी आपण माशाचा लगदा करून देतो आहोत. सासऱ्यांची अडचण खरी आहे. परंतु मुलांना तरी काटे निवडून खायला शिकवावे, असे मला मनापासून वाटते.

विळीवरची_मी

तुमचा मुद्दा रश्श्यापुरता मान्य आहे. पण फिले काढल्यावर डोके, कणा, पर आणि बरगड्या हातात राहतातच ना? त्या सगळ्याचे आले-लसूण आणि चिंच घालून कालवण करावे, गाळून घ्यावे आणि त्यात काटे काढलेले मांस शेवटची पाच मिनिटे सोडावे. चव कुठेही कमी पडत नाही. कटल्याचे डोके मोठे आणि मगजाने भरलेले असते, ते टाकून देणाऱ्यांचे मला वाईट वाटते.

मुलांना शिकवण्याविषयी म्हणाल तर सुरुवात बरगड्यांच्या काट्यांपासून करावी. ते जाड असतात, दिसतात आणि सहज निघतात. दुतोंडी काट्यांपासून सुरुवात केली तर मूल मासाच सोडून देईल.

घशाचा_डॉक्टर

मी कान-नाक-घशाचा डॉक्टर आहे, म्हणून एवढेच लिहितो. काटा अडकल्यावर कोरड्या भाताचा गोळा किंवा केळे गिळण्याचा उपाय घरोघरी सांगितला जातो. तो करू नये. मऊ ठिकाणी टेकलेला काटा त्या दाबाने आणखी खोल रुतू शकतो आणि मग दुर्बिणीने काढणेही कठीण होते. बोटे घालून शोधू नये. गिळताना टोचत राहिले, लाळ गिळता येईनाशी झाली, छातीत दुखले किंवा श्वासाला त्रास झाला तर थांबू नये, त्वरित रुग्णालयात जावे. ज्यांना दातांची कवळी आहे त्यांना टाळूवर काटा जाणवत नाही, त्यामुळे वृद्धांच्या बाबतीत जास्त सावध राहावे लागते. राजेंद्रनगरवासी यांच्या सासऱ्यांना कवळी असेल तर माझे मत स्पष्ट आहे: त्यांना पोटाचा भाग द्यावा किंवा तपासलेल्या किसाचे पदार्थ द्यावेत, पाठीची तुकडी देऊ नये.

राजेंद्रनगरवासी

त्यांना कवळी आहे. ही बाब माझ्या लक्षात आली नसती, डॉक्टरसाहेब. आभारी आहे.

सुरीची_धार

इतका वेळ वाचत होतो. हॉटेलच्या स्वयंपाकघरात बरीच वर्षे काम केले आहे, म्हणून पाठीच्या भागाविषयी लिहितो, कारण खरा प्रश्न तिथेच आहे. त्यासाठी दोन रीती आहेत आणि दोन्हींसाठी मासा थंड व घट्ट हवा. फिले अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवावी; ती गोठता कामा नये, फक्त ताठ व्हावी.

पहिली रीत पट्टी काढण्याची. कातडे खाली ठेवून पाठीचा तुकडा समोर घ्यावा. मधल्या रेषेच्या वर, पाठीच्या कडेकडे जाताना, बोटाच्या टोकाला काट्यांची रांग लागते. त्या रांगेच्या एका बाजूने उभा काप द्यावा आणि सुरी काट्याला लागली की ती त्याच्या वळणाने तिरपी न्यावी. मग दुसऱ्या बाजूने तसाच काप द्यावा. मधली पट्टी काट्यांसह उचलून निघते. अमेरिकेत आणि कॅनडात पाईक नावाच्या माशाचे वाय आकाराचे काटे असेच काढतात. कटल्यावर ही रीत चालते, परंतु त्याच्या काट्यांना डोक्याकडे जास्त फाटे असल्यामुळे पट्टी रुंद घ्यावी लागते आणि पुष्कळ मांस तिच्याबरोबर जाते. ते टाकू नये, खरवडून किसात घालावे. लहान माशावर ही रीत करू नये, हाती काहीच उरत नाही.

दुसरी रीत काटे न काढता त्यांना निरुपद्रवी करण्याची आहे आणि माझ्या मते रोहूसाठी तीच योग्य. फिलेच्या मांसाच्या बाजूने, माशाच्या लांबीला आडवे, दोन ते तीन मिलिमीटरच्या अंतराने काप देत जावे. प्रत्येक काप कातड्यापर्यंत पोचला पाहिजे, पण कातडे कापले जाता कामा नये. कापताना काट्यांचा बारीक करकर आवाज ऐकू येतो. तो येत नसेल तर सुरी पुरेशी खोल जात नाही, असे समजावे. नंतर मीठ, हळद, तिखट लावून तांदळाच्या पिठात घोळवावे आणि चांगल्या तापलेल्या, भरपूर तेलात तळावे. तेल प्रत्येक कापात शिरते, काट्यांचे कण कुरकुरीत होतात आणि खाताना जाणवत नाहीत. हंगेरीत सायप्रिनस असाच कापून तळतात. जपानमध्ये क्योटोकडे हामो नावाच्या वाम जातीच्या माशाला साधारण तीन सेंटिमीटरमध्ये चोवीस काप देतात, ते याच कारणासाठी. तिथे या कौशल्यासाठी वेगळी जड सुरी असते आणि ते शिकायला वर्षे लागतात. आपल्याला इतक्या बारकाव्याची गरज नाही, परंतु कापांतले अंतर मात्र वाढू देऊ नये.

विळीवरची_मी

हे काप विळीवर देता येतील का? माझा हात सुरीपेक्षा विळीवर बसलेला आहे.

सुरीची_धार

खवले काढणे, पर छाटणे, तुकडे करणे यांत विळीची बरोबरी सुरी करू शकत नाही, हे मान्य. या कामात मात्र काप कातड्यावर थांबवायचा असतो. विळीचे पाते स्थिर असते आणि मासा त्यावर दाबला जातो, त्यामुळे पाते किती आत गेले ते दिसत नाही. लांब, पातळ आणि ताठ पात्याची सुरी घ्यावी आणि दर दहा-बारा कापांनंतर ती पुसावी.

मालवा_मासळी

सुरीची_धार यांच्याशी या एका बाबतीत माझे जमत नाही. आमच्या मावशी विळीवर इतके एकसारखे काप देत की कातडे कधी फाटत नसे. त्या मासा उलटा धरत, म्हणजे कातडे आपल्याकडे आणि मांस पात्याकडे. डाव्या हाताची बोटे कातड्यामागे असत, त्यामुळे पाते जवळ आल्याचे त्यांना बोटांना कळे. ज्याचा हात विळीवर आहे त्याने तो मोडून सुरी धरावी असे मला वाटत नाही. नवशिक्याने मात्र बोटे कातड्यामागे ठेवून विळीवर प्रयोग करू नये, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगतो.

सुरीची_धार

मालवा_मासळी, ही पकड मी पाहिलेली नव्हती. ज्यांना ती अवगत आहे त्यांच्यासाठी माझा आक्षेप मागे घेतो.

कुकरची_शिट्टी

काटे काढायचेही नसतील आणि तळायचेही नसेल तर तिसरा मार्ग आहे. डबाबंद मासळीतली हाडे मऊ असतात, कारण डबे साधारण 121 अंश सेल्सिअसला बराच वेळ ठेवलेले असतात. घरचा कुकर पूर्ण दाबावर जवळपास 120 अंशांपर्यंत जातो. तळाशी कांद्याच्या चकत्या, वर लहान रोहूच्या तुकड्या, चिंचेचा दाट कोळ किंवा आमसुलाचे पाणी आणि तेल घालून मंद आचेवर पाऊण ते एक तास ठेवावे. बारीक काटे बोटाने चुरडतील इतके मऊ होतात. आंबटाने हाडांतला चुना सुटायला मदत होते. मांस कोरडे पडू नये म्हणून तेलात कंजुषी करू नये. हा पदार्थ ताज्या माशाच्या कालवणासारखा लागत नाही, त्याची जात लोणच्याकडे झुकणारी आहे. भाकरीबरोबर उत्तम लागतो.

घशाचा_डॉक्टर

चांगली रीत आहे. मात्र कणा आणि बरगड्या या वेळात मऊ होतीलच असे नाही, म्हणून त्या आधी काढाव्यात.

लोकमान्यनगरचा_शेजारी

माझे बासाचे मत मी सोडलेले नाही. परंतु बासात हे काटे का नसतात, हे कोणी सांगेल का?

तळेकाठ

बासा, म्हणजे पंगास, मांजरमाशांच्या गटातला आहे आणि त्या गटात हे मांसातले काटे नसतात. इथल्या बाजारात सिंघाडा आणि पढीन या नावांनी मिळणारे मासे त्याच गटातले, त्यामुळे तेही सोयीचे आहेत. मरळ आणि चिलापी वेगळ्या गटांतले, परंतु त्यांच्याही फिलेत असे दुतोंडी काटे सापडत नाहीत. गोड्या पाण्याचा ताजा आणि काट्यांचा त्रास नसलेला मासा हवा असेल तर माझी पहिली पसंती जिवंत विकल्या जाणाऱ्या मरळीला राहील. तिचे मांस घट्ट असते आणि तुकडी मोडत नाही. गोठवून आलेल्या बासाच्या पांढऱ्या फितींपेक्षा ती कितीतरी सरस लागते, किंमत मात्र जास्त पडते.

याच प्रश्नावर चीनमध्ये वेगळ्या दिशेने काम झाले आहे. तिथे कार्प मासे मोठ्या प्रमाणावर खाल्ले जात असल्यामुळे संशोधकांनी बीएमपी-6 हे जनुक निष्क्रिय करून मांसातले काटे नसलेला क्रूशियन कार्प तयार केला आहे. कणा आणि बरगड्या त्यात आहेत, फक्त हे बारीक काटे नाहीत.

जुनी_इंदूर_नवे_सूर

नर्मदेतल्या महाशीरालाही असेच काटे असतात का? वडील त्याची फार आठवण काढत.

तळेकाठ

असतात, कारण तोही कार्प कुळातलाच आहे. परंतु महाशीर मध्य प्रदेशचा राज्यमासा आहे आणि नर्मदेत त्याची संख्या फार घटली आहे. कोणी विकायला आणला तरी घेऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. तसेच 16 जून ते 15 ऑगस्ट हा राज्यात मासेमारीचा बंद हंगाम असतो, कारण त्या काळात मासे अंडी घालतात. त्या दोन महिन्यांत 'धरणाचा ताजा' म्हणून कोणी रोहू देऊ लागला तर तो घेऊ नये. तळ्यात पाळलेला किंवा आंध्रातून बर्फात आलेला घ्यावा.

राजेंद्रनगरवासी

सर्वांचे वाचून मी या रविवारी साधारण चार किलोचा कटला आणला. बाजारात त्याचे फक्त खवले काढून पोट साफ करून घेतले आणि फिले घरी काढल्या. नंतर मध्यरेषेवर आणि गुदद्वारापाशी कापून प्रत्येक फिलेचे तीन भाग केले. पोटाच्या भागाच्या बरगड्या काढून सासऱ्यांसाठी आणि मुलासाठी कालवणात सोडला. त्यात खरोखरच बारीक काटा निघाला नाही. पाठीला काप देऊन मोठ्यांसाठी तळले. शेपटीचा भाग खरवडून, मिठाच्या आधी तपासून, त्याच्या वड्या केल्या.

दोन शंका उरल्या आहेत. तळलेल्या तुकड्यांत डोक्याच्या बाजूला काटे किंचित जाणवले, शेपटीकडे मुळीच नाही. आणि कटल्याला चिखलाचा थोडा वास होता, तो कसा घालवावा?

सुरीची_धार

डोक्याकडे मांस सर्वांत जाड असते आणि काट्यांना फाटेही जास्त असतात. तिथे काप दोन मिलिमीटरच्या अंतराने द्यावेत. तरीही खात्री नसेल तर डोक्याकडचा चार बोटांचा तुकडा तळणीत घेऊच नये, तो खरवडायच्या मांसात टाकावा. तुकडे तळताना कापांची बाजू आधी तेलात खाली जाऊ द्यावी, म्हणजे तापलेले तेल थेट कापांत शिरते.

गाद्याची_वाटणी

वासासाठी फिलेला मीठ, हळद आणि लिंबाचा रस लावून वीस मिनिटे ठेवावे, मग धुऊन कोरडी करावी. आंबटाने तो वास कमी होतो. पोटातला काळा पापुद्राही घासून काढावा, त्यालाही उग्र वास असतो. पोट साफ करताना पित्ताची पिशवी फुटली तर मांस कडू होते, म्हणून बाजारात समोर उभे राहून करून घ्यावे.

घशाचा_डॉक्टर

पित्ताच्या पिशवीचा उल्लेख आला म्हणून लिहितो. काही जण ती औषध समजून कच्ची गिळतात. रोहूसह कार्प कुळातल्या माशांचे पित्त विषारी असते आणि त्याने मूत्रपिंडे निकामी झाल्याची उदाहरणे आपल्या देशातही नोंदलेली आहेत. ती पिशवी सरळ फेकून द्यावी.

विळीवरची_मी

राजेंद्रनगरवासी ताई, वड्यांना बांधणीसाठी काय घातले? माझ्या तव्यावर फुटतात.

राजेंद्रनगरवासी

काहीही घातले नाही. तपासलेल्या मांसाला मीठ लावून ते चिकट होईपर्यंत तळहाताने मळले, मग आले, हिरवी मिरची आणि कोथिंबीर मिसळली. कांदा घातला असता तर पाणी सुटले असते, म्हणून तो वगळला. वड्या आधी उकळत्या पाण्यात सोडल्या, वर तरंगून आल्यावर काढून निथळल्या आणि मग तव्यावर थोड्या तेलात परतल्या. एकही फुटली नाही.